शेषाधिकार आईकडे

आमच्या घरात दोन सरकारं नांदत होती. आई केंद्र सरकारच्या नोकरीत, टेलिफोन खात्यात ऑपरेटर. बाबा राज्य सरकारच्या, पाटबंधारे खात्यात कारकून. आई ड्यूटी लागेल तशी सकाळी नाहीतर दुपारी एक्स्चेंजला जायची आणि लोकांचे परगावचे फोन, ट्रंककॉल, जोडून द्यायची. बाबा कालव्याच्या आवर्तनांचा, म्हणजे कुठल्या गावाला कधी पाणी सोडायचं याचा, पत्रव्यवहार बघायचे. दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या, दोघांच्या महागाई भत्त्याच्या बातम्या वेगळ्या, आणि घरात पेपर मात्र एकच. त्यामुळे ‘केंद्रानं दिला, राज्यानं अजून दिला नाही’ हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन.

बाबांना राज्यघटनेचं वेड होतं. वेड हा आईचा शब्द. बाबा त्याला वाचन म्हणायचे. आमचं घर बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घटनेचं पुस्तक आमच्या लोकांत फार मानाचं. ओळखीच्या बऱ्याच घरांत ते बुद्धमूर्तीशेजारी नव्या कापडात गुंडाळून ठेवलेलं असे. बाबांना ते पटत नसे. “हार घालायचं पुस्तक नाही ते, उघडायचं आहे,” असं ते पाहुण्यांना चहा यायच्या आत ऐकवायचे. त्यांची स्वतःची प्रत नारायण पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली होती. ती स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर असायची आणि तिच्या शेवटच्या पानांवर हळदीची बोटं उमटलेली होती.

त्या शेवटच्या पानांत सातवी अनुसूची होती. देशात कुठल्या गोष्टीवर कायदा कुणी करायचा, त्याच्या तीन याद्या. पहिली केंद्राची, दुसरी राज्यांची, तिसरी दोघांची मिळून, तिला समवर्ती म्हणतात. हे सगळं मला शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंनी शिकवलं तेव्हा मी हात वर करून सांगितलं होतं, “बाई, आमच्याकडे पण आहेत.” बाईंना वाटलं मी पुस्तकाबद्दल बोलतेय. मी घराबद्दल बोलत होते.

घरातल्या याद्यांची सुरुवात एका भांडणातून झाली. ताईनं शाळेच्या सहलीला जाऊ का असं आईला विचारलं, आई नाही म्हणाली. मग तिनं बाबांना विचारलं, ते हो म्हणाले. ताईनं बॅग भरली. त्या रात्री आई आणि बाबा एकमेकांशी बोलेनात आणि ताई मात्र मजेत झोपली. रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आल्यावर बाबा पोह्यांच्या बशीवरून म्हणाले, “एवढा मोठा देश चालतो, कारण कुणी काय ठरवायचं हे तिथं ठरलेलं आहे. आपल्या घरात ते ठरलेलं नाही.”

आणि त्यांनी ते ठरवलं. आई केंद्राची नोकर म्हणून ती केंद्र. बाबा राज्य. टेलिफोन केंद्राकडे, यात वादच नव्हता. परराष्ट्र व्यवहार, म्हणजे नातेवाईक, तेही केंद्राकडे. आमच्या आत्याला, म्हणजे बाबांच्या बहिणीला, राखीपौर्णिमेला बोलवायचं की नाही हे त्या दिवसापासून आई ठरवू लागली, आणि बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाणी, भाजीबाजार, दवाखाना आणि कायदा-सुव्यवस्था राज्याकडे. कायदा-सुव्यवस्था म्हणजे आम्ही दोघींनी अंधार पडायच्या आत घरात असणं. शिक्षण, वीज आणि लग्न हे समवर्ती. तिथं दोघांचं एकमत हवं, आणि नाहीच झालं तर घटनेप्रमाणे केंद्राचं चालणार. हा नियम बाबांनी स्वतः वाचून दाखवला, आणि पुढं शिक्षणाच्या प्रत्येक प्रश्नावर ते हरत गेले.

“शिक्षण आधी राज्यांकडेच होतं,” ते कुरकुरायचे. “आणीबाणीत उचलून समवर्तीत नेलं.”

“मी नाही नेलं,” आई पोळी लाटता लाटता म्हणायची.

या याद्या कुठं लिहिलेल्या नव्हत्या. आईनं पहिल्याच रविवारी म्हटलं होतं की एका कागदावर लिहून काढा. बाबा म्हणाले, रोज पाळायची गोष्ट लिहून कशाला ठेवायची. आई म्हणाली, “ज्यांनी देशाची लिहिली त्यांनी वर्षानुवर्षं बसून लिहिली. तुम्हाला एका कागदाचा कंटाळा.” पण तो कागद कधी झाला नाही. सगळं तोंडी चालायचं आणि मागच्या वेळी काय ठरलं होतं यावर पुन्हा वेगळा वाद व्हायचा. वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहायचे. ते रविवारी पेपर मागायला आले की दारातूनच विचारायचे, “अधिवेशन चालू आहे का? मग मी राष्ट्रगीताला येतो.”

बाबांची भाषणं लांबायची. आई त्यांना एका वाक्यात थांबवायची. ट्रंककॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलून तसं सांगत असे आणि बोलणारा हवं तर वेळ वाढवून घेत असे. आईची ती कामाची सवय घरी यायची. बाबा कलमांच्या पोटकलमात शिरले की ती भाजी निवडताना मान वर न करता, एक्स्चेंजच्या त्या सपाट, गोड आवाजात म्हणायची, “तीन मिनिटं झाली. वाढवायची?” बाबा म्हणायचे, “वाढवा.” हे इतक्या वेळा झालं होतं की आम्ही हसायचंही सोडून दिलं होतं.

माझा स्वभाव प्रश्न विचारायचा. अजूनही आहे; लोक कंटाळतात, मला त्याचं काही वाटत नाही. मला त्या याद्यांत काय आहे यापेक्षा काय नाही याची जास्त उत्सुकता असायची. एका रविवारी आम्ही सगळे खडकवासल्याला गेलो होतो. धरणाच्या भिंतीजवळ कणसं भाजून मिळायची. बाबा पाण्याकडे हात करून सांगत होते, हे पाणी राज्याचं. पलीकडच्या काठावर लष्कराची प्रबोधिनी होती, ती केंद्राची. मी विचारलं, मासे कुणाचे? राज्याचे. रस्ता कुणाचा? राज्याचा. वरून विमान गेलं, ते केंद्राचं.

“आणि वारा?”

बाबा थांबले. त्यांनी मनातल्या मनात तिन्ही याद्या चाळल्या असाव्यात, कारण कणीस तोंडापर्यंत जाऊन तसंच राहिलं. “वारा कुठंच नाही,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “पण त्याचीही सोय आहे. जे तीनही याद्यांत नाही ते केंद्राकडे जातं. त्याला शेषाधिकार म्हणतात.”

आईचा पदर वाऱ्यानं फडफडत होता. तिनं तो कमरेला खोचला आणि कणसावरचं मीठ झटकत म्हणाली, “म्हणजे वारा माझा. बरं झालं सांगितलंत.”

बाबा मोठ्यानं हसले. आपण काय देऊन बसलो हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. ते कळलं नव्वदनंतर, जेव्हा घरात एकेक नवी वस्तू यायला लागली.

पहिल्यांदा केबल आली. आमच्या कर्वेनगरात गच्च्यांवरून काळ्या वायरी फिरल्या आणि बाबांनी पुस्तक काढलं. दूरदर्शन केंद्राचं, हे त्यांना माहीत होतं. पण ही गल्लीतल्या पोराची वायर कुणाची? तीनही याद्यांत ‘केबल’ हा शब्द सापडेना. मग शेषाधिकार. आईनं केबल घेतली. मग कॉम्प्युटरचा क्लास निघाला आणि ताईला तो लावायचा होता. बाबा म्हणाले, हे शिक्षण, समवर्ती. आई म्हणाली, शिक्षणच असेल तर वाद झाल्यावर माझंच चालतं, आणि शिक्षण नसेल तर शेषाधिकार, तेही माझंच. तुम्हाला कुठल्या रस्त्यानं हरायचंय? बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “शिक्षण धरा. त्यात निदान माझं मत विचारलं जातं.”

पुढं पेजर, ई-मेल, सायबर कॅफे. नवं जे जे पुण्यात येत होतं ते सगळं आईच्या पदरात पडत होतं. बाबांकडे पाणी, भाजी, दवाखाना आणि अंधाराची वेळ एवढंच उरलं. त्यातही एकदा ते टाकी भरायला विसरले, सोसायटीत दोन दिवस पाणी नव्हतं आणि आम्ही शेजाऱ्यांकडून बादल्या आणल्या. आईनं दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती राजवट लावली. महिनाभर पाणीही ती भरत होती आणि भाजीही ती आणत होती. पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या घरी पाणी नाही, हे सोसायटीत सगळ्यांना कळलं होतं. बाबा त्या महिन्यात फार गप्प होते. मला त्यांची दया यायची, पण राजवट उठेपर्यंत भाजी चांगली यायची हेही खरं.

एक गोष्ट मात्र मला कधी सुचली नव्हती. मासे, रस्ता, वारा, वायर, सगळं कुणाचं ते मी विचारलं. आम्ही दोघी कुणाच्या, हे विचारलं नाही. ते ताईनं विचारलं.

ताई इंजिनिअर झाली त्या वर्षी सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजात येऊन मुलं निवडून नेत होत्या. तिची निवड झाली. पेढे आले, वरचे काका दोन पेढे खाऊन “आता अधिवेशनाला एअरकंडिशनर घ्या” म्हणाले. मग कंपनीचं पत्र आलं. पोस्टिंग बंगलोरला होतं. पुण्यातच द्या असं ताईनं विचारून बघितलं, तर उत्तर आलं की बंगलोर नाहीतर काही नाही, आणि आठवड्यात कळवा.

ताईला जायचं होतं. ती आमच्या खोलीत गादीवर बसून त्या शहराचा नकाशा बघत बसायची. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं, भाषा येत नव्हती, आणि तिच्या डोळ्यांत भीतीचं नावही नव्हतं. माझ्या डोळ्यांत होतं. जन्मापासून आम्ही एकाच खोलीत झोपत होतो. मला ती जायला नको होती, आणि हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, “तुला माझं टेबल मिळेल.” मला टेबल नको होतं.

घरी प्रश्न पहिल्यांदा हाच आला की हे कुणाच्या यादीतलं. बाबांना वाटलं, बाहेर राहणं म्हणजे कायदा-सुव्यवस्था, म्हणजे आपल्याकडे. ते मनातून हो म्हणायच्या तयारीत होते, हे आम्हाला दिसत होतं. त्या आठवड्यात त्यांनी ताईसाठी नवी सुटकेस बघून ठेवली होती. पण ते नियमाचे पक्के. त्यांनी पुस्तक उघडलं, केंद्राच्या यादीवरून बोट फिरवत गेले आणि शेवटाकडे एका नोंदीवर थांबले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर. केंद्राकडे.

“म्हणजे तू ठरवायचं,” ते आईला म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. केबल आणणारी, कॉम्प्युटरचा क्लास लावून देणारी आई. ती नाही कशाला म्हणेल?

आई नाही म्हणाली.

तिनं कारण दिलं नाही. ती एवढंच म्हणाली की पुण्यातही कंपन्या निघताहेत, थांब, मिळेल. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर गेली, आली, भाकऱ्या केल्या, आणि विषय संपला असं तिनं धरून चाललं. ताई जेवली नाही. बाबा सुटकेसबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना आईचं म्हणणं पटलेलं नव्हतं, पण अधिकार तिचा होता आणि तो त्यांनीच पुस्तक उघडून तिच्या हातात दिला होता. एखाद्यानं स्वतः बांधलेल्या दारात स्वतःच डोकं आपटावं तसे ते घरभर फिरत होते.

शेवटचा रविवार आला. सोमवारी कंपनीला कळवायचं होतं. पोहे झाले, कुणी नीट खाल्ले नाहीत. ताई म्हणाली, “मला सुनावणी पाहिजे.”

बाबा म्हणाले, हे रास्त आहे. पण सुनावणी करणार कोण? केंद्र आणि राज्य स्वतःच पक्ष झालेत, न्यायालय आपल्या घरात कधी नेमलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “धाकटी बसेल. तिला नाहीतरी प्रश्न विचारायची सवय आहे.”

मी दहावीत होते. पुस्तकांच्या कपाटाजवळच्या खुर्चीवर मी बसले, आणि मला एकच प्रश्न पडला होता, तो मी विचारला. “आई, का नाही?”

आईनं पोह्यांच्या बशा एकात एक ठेवल्या. मग म्हणाली, “मी इतकी वर्षं लोकांचे फोन जोडले. आम्ही ऐकत नाही, पण लाईन नीट लागली का बघायला कान द्यावाच लागतो. माणूस लांब गेला की पहिले काही दिवस सगळं सांगतो. खोली कशी आहे, जेवण कसं आहे, सगळं. मग हळूहळू नुसतं ‘बरं आहे, बरं आहे’ होतं. एक मुलगी होती, रडत होती. पलीकडून तिच्या आईनं विचारलं, आवाज असा का, सर्दी झाली का? ती हो म्हणाली. सर्दी नव्हती. मला कळलं होतं, मी अनोळखी. तिच्या आईला कळलं नाही.” तिनं वरची बशी सारखी केली. “मला ती आई व्हायचं नाही.”

हे तिनं आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. एक्स्चेंजमधल्या गमतीच ती घरी सांगायची. मला खुर्चीत बसवेना. मला वाटलं, सुनावणी इथंच संपली, आणि मी मनातून खूश झाले की ताई आता जाणार नाही.

ताई रडली नाही. ती बाबांकडे वळली. “बाबा, तुमच्या याद्यांत आई आहे, तुम्ही आहात. पाणी आहे, भाजी आहे. मी कुठल्या यादीत आहे?”

“तू...” बाबा म्हणाले. “स्थलांतर हा विषय...”

“विषय नाही. मी. मी कुणाच्याच यादीत नसेन तर मी शेषाधिकारात जाते. वाऱ्यासारखी. म्हणजे मी आईची. असं लिहिलंय का घटनेत?”

बाबा उठले, फळीवरून पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या चाळू लागले. सवयीनं त्यांचा हात शेवटच्या, हळद लागलेल्या पानांकडे गेला, मग तिथून मागं आला, आणखी मागं, आणि सुरुवातीला आला. तिथली पानं कोरी करकरीत होती. निदान आमच्या घराच्या कामासाठी ती कधी उघडली गेली नव्हती. तिसरा भाग, नागरिकांचे मूलभूत हक्क.

ते वाचत राहिले. मग हळूच खाली बसले.

“अगं, मी एवढा मोठा भाग वगळला,” ते आईला म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “आपण काय वाटून घेतलं? तुझा अधिकार कुठं संपतो, माझा कुठं सुरू होतो. वीस वेळा भांडलो त्यावर. पण दोघांनाही जिथं थांबायचं असतं, ती रेघ ओढलीच नाही. ती इथं आहे. हिच्या आत केंद्रानंही यायचं नाही आणि राज्यानंही नाही.” त्यांनी बोट ठेवलं होतं त्या ओळींत, नागरिकाला देशभर कुठंही फिरता येईल आणि कुठंही राहता येईल, असं होतं.

“लिहून काढा म्हटलं होतं,” आई म्हणाली. पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती.

“लिहिलं असतं तर दिसलं असतं,” बाबा म्हणाले. हे त्यांनी मान्य केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. ती आम्हाला माहीत होती, तरी त्या दिवशी वेगळी ऐकू आली. आजोबांच्या गावात मधल्या आळीचा रस्ता आपल्या लोकांना बंद होता. वळसा घालून जायचं. खडकीच्या कारखान्यात काम लागलं म्हणून ते पुण्याला आले. पहिल्या सुट्टीच्या दिवशी काही काम नसताना ते पेठांतून हिंडले. सरळ, मधून. एका गल्लीतून शिरायचं, दुसऱ्या गल्लीतून निघायचं. नारायण पेठेत एका दारात उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, कुठं जायचंय? आजोबा म्हणाले, कुठं नाही. बाई आत गेली. घरी आल्यावर आजोबा आजीला म्हणाले होते, कुणी अडवलं नाही, त्याचीच भीती वाटली.

“हे पुस्तक आपल्या घरात त्यांनी आणायला लावलं,” बाबा म्हणाले. “ते काय भाजीबाजार कुणी करायचा हे बघायला नाही.” मग त्यांना पाटबंधाऱ्याचं काहीतरी आठवलं. “आपल्या मुठेचं पाणी पुढं भीमेला मिळून कर्नाटकातच जातं. त्याला कोण विचारतं?”

“पाण्याला आई नसते,” आई म्हणाली.

निकाल मी द्यायचा होता. मला काय वाटतं आणि काय बरोबर आहे हे दोन्ही मला दिसत होतं आणि ते एक नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आई उठली. तिनं बशा उचलल्या, मोरीत ठेवल्या, पदराला हात पुसले आणि बाबांसमोर उभी राहिली.

“अहो, भीती कुठल्या यादीत आहे?”

“भीती?” बाबा गोंधळले. “भीती कुठंच नाही.”

“मग ती माझ्याकडे,” आई म्हणाली. “जे कुठंच नाही ते माझं, असं तुम्हीच ठरवलंय. ती ठेवते मी माझ्याकडे. पोरीला जाऊ द्या.”

ताईनं आईला मिठी मारली आणि तेव्हा मात्र ती रडली, आईही रडली. बाबा पुस्तक छातीशी धरून उभे होते, ते कुठं ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं. मी खुर्चीतच बसून राहिले. न्यायालयाला कुणी काही विचारलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं, कारण माझ्या तोंडून कुठला निकाल निघाला असता हे मला आजही सांगता येत नाही.

सुटकेस आली. ताई गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी बाबा एका मोठ्या कागदावर लिहायला बसले. सगळ्यात वर आम्हा दोघींचे हक्क, मग खाली दोन्ही सरकारं. त्यात मला काय हवं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, प्रश्न विचारायचा हक्क. बाबा म्हणाले, तो तुला कुणी नाकारल्याचं स्मरत नाही. मी म्हटलं, तरी लिहा. त्यांनी लिहिला, आणि कागद डब्यांच्या फळीखाली चिकटवला. काकांनी तो वाचला आणि “आमच्या घरी हुकूमशाही आहे, फार शांतता असते” एवढं बोलून पेपर घेऊन गेले.

ताईचा पहिला फोन रविवारी आला, तिथल्या एसटीडी बूथवरून. तोवर ट्रंककॉल जवळजवळ बंदच झाले होते. लोक स्वतःच नंबर फिरवून लांबच्या माणसाशी बोलायला लागले होते आणि आईला एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं. मी आईच्या खांद्याला टेकून, रिसीव्हरजवळ कान नेऊन उभी राहिले. बाबा दारात भरलेली बादली हातात घेऊन थांबले; ती खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

“कशी आहेस?” आईनं विचारलं.

“बरं आहे,” ताई म्हणाली.

आई गप्प राहिली. एवढी गप्प की मला वाटलं, लाईन गेली. मग ती म्हणाली, “खरं सांग.”

पलीकडे ताईनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. मग ती सांगायला लागली. खोलीतल्या दोघी आपापसांत बोलतात आणि हिला कळत नाही. रोज भात असतो. ऑफिसात सगळे इंग्रजीत विनोद करतात, ती एक सेकंद उशिरा हसते. काल चुकीच्या बसमध्ये बसून भलतीकडे उतरली आणि भर दुपारी रस्त्यात उभी राहून रडली. मग एका बाईनं हाताला धरून बरोबर बसमध्ये बसवून दिलं. आई मध्ये काही बोलली नाही, सल्ला दिला नाही, परत ये म्हणाली नाही. ती नुसती ऐकत होती, इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकत आली होती तशी. मग सवयीनं, तिच्या स्वतःच्याही नकळत, तिच्या तोंडून तो सपाट, गोड आवाज निघाला.

“तीन मिनिटं झाली. वाढवायची?”

ताई पलीकडे रडता रडता हसली. “वाढव,” ती म्हणाली.

आईनं पायानं स्टूल ओढून घेतलं आणि बसली.